नकटीचं नाव

वैशाखात केळीच्या बागेत पिल कापायला वाकलेल्या माणसाला वरून ऊन आणि खालून वाफ, अशी दोन्हीकडून शिक्षा असते. आशाबाई सकाळी सहाला बागेत शिरली होती. बुडाशी फुटलेली पिलं वेळेवर कापली नाहीत तर ती मोठ्या केळीचं रक्त पितात, हे तिला सासऱ्यानं शिकवलं होतं. आधी हे काम तिच्या नवऱ्याचं, भाईदासचं. आता भाईदास घरी खाटेवर, म्हणून विळा हिच्या हातात. पोरगा ललित होता, पण त्याला टेकू लावायचे होते. परवाच्या वाऱ्यानं पंचवीसेक केळी आडव्या केल्या होत्या, आणि ज्या उभ्या होत्या त्या कशाच्या जोरावर उभ्या आहेत ते त्यांनाच ठाऊक. बहादरपूरच्या शिवारात त्या आठवड्यात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

दहाच्या सुमाराला घराकडून हाक आली.

"नकटे… ए नकटे…"

आशाबाईनं विळा तिथंच टाकला आणि ती निघाली. घर बागेला लागूनच, पण बावन्न वर्षांच्या गुडघ्यांना तेवढंही अंतर पुष्कळ होतं. केळीच्या चिकानं काळं पडलेलं लुगडं वर खोचून ती धावतच अंगणात आली. बघते तर निंबाखाली खाटेवर भाईदास डाव्या हातानं गोधडीचं एक टोक ओढतो आहे, आणि दुसरं टोक शेळीच्या तोंडात. शेळी निवांत चघळत होती.

"नकटे," भाईदास शेळीला म्हणाला.

शेजारच्या ओट्यावर गोदाबाई गहू निवडत बसली होती. सत्तरीची बाई, तिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही.

"शेळीले म्हनत होते व माय. तू काऊन पळत आली?"

"मले वाटलं, मले बोलावलं."

"चार महिने झाले. तुले अजून वाटतंच का?"

आशाबाईनं शेळीच्या तोंडातून गोधडी सोडवली, शेळीला एक रट्टा दिला, नवऱ्याची उशी नीट केली आणि विळा बागेत राहिला म्हणून परत फिरली.

या शब्दाची गोष्ट अशी, की आशाबाईचं नाक खरंच बसकं आहे. चौतीस वर्षांपूर्वी तिच्या लग्नात अंतरपाट धरायच्या वेळेला मांडवाचा खांब कलला. मग भटजींचा चष्मा सापडेना. त्याआधी मांडवाच्या दाराशीच घोडी बिथरली होती आणि नवरदेवासकट तापीच्या वाटेला लागली होती. तेव्हा भाईदासचा चुलता भर मांडवात म्हणाला, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." म्हण आहे, माणूस बोलून जातो. पण इथं नवरी खरोखरच नकटी निघाली. सगळा मांडव हसला, आणि आशाबाई मुंडावळ्यांच्या आड रडली.

तिसऱ्या दिवशी ती शेतात भाकर घेऊन गेली, तर हा नवा नवरा म्हणतो, "नकटे, बस ना जरा." तिनं भाकरीचं फडकं बांधावर आदळलं आणि सरळ माहेरचा रस्ता धरला. हा मागून धावत आला.

"रागावली काऊन? माही हायेस म्हनून म्हनलं. लोकाची असती तं बाई म्हनलं असतं, अहोजाहो केलं असतं."

तिला हसू आलं आणि तिथंच तिचं नुकसान झालं, कारण त्यानंतर त्या माणसानं दुसरा गोड शब्द म्हणून काढला नाही. पाऊस चांगला झाला की नकटे. ललित झाला तेव्हा बाळंतिणीच्या दाराशी उभं राहून नकटे. तिची आई वारली तेव्हाही पाठीवर हात ठेवून तेवढंच, पण हळू. सासू-सासऱ्यांसमोर बायकोला असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून तो उजव्या हाताचं बोट आपल्याच नाकावरून फिरवायचा. हिला कळायचं, ती पदर तोंडाला लावायची. सासू बिचारी म्हणायची, "या पोराच्या नाकाले बारा महिने खाज." आशा हे बायकोचं नाव मात्र त्यानं कधी घेतलं नाही. उखाण्यातसुद्धा "हिचं नाव घेतो" एवढ्यावर सुटला होता गडी.

पौषात लकवा मारून गेला. उजवा हात, उजवा पाय, अर्धं तोंड आणि बोलणं. बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात सहा दिवस तो नुसता छताकडे बघत होता. सातव्या दिवशी आशाबाई खाटेशी बसून डुलक्या घेत असताना आवाज आला, "नकटे." ती इतकी रडली की शेजारच्या खाटेवरचे लोक उठून बसले. आपला माणूस आपल्याला हाक मारत परत आला, असं तिला वाटलं. मग सलाईन बदलायला दवाखान्यातला पोरगा आला, त्याला भाईदास म्हणाला, "नकटे." डॉक्टर आले, त्यांनाही तेच.

डॉक्टर समजूतदार होते. ते म्हणाले, "आई, ह्यांना कळतं सगळं. पण म्हणायला जातात एक आणि निघतं हेच. डोक्यातले बाकीचे शब्द अडकून पडलेत. ज्याची जिभेला सगळ्यात जास्त सवय, तो तेवढा उरला. कोणाचं रामराम उरतं, कोणाची शिवी उरते."

ती दोन दिवस त्या बोलण्यावर तरंगली. मानाच्या बोलण्यानं पोट किती दिवस भरणार? घरी आल्यावर नकटी म्हणजे पाणी झालं, नकटी म्हणजे कूस बदला, नकटी म्हणजे पंखा बंद करा, नकटी म्हणजे शेळी. आपल्या घरात चांगलं असं एकच भांडं असावं आणि तेच गावजेवणाला निघून जावं, तसं तिला झालं. सहाला उठून त्याला उचलायचं, पुसायचं, पाय चोळायचे, मग बाग, मग पुन्हा तेच. अंग दुखतं त्याचं तिला काही वाटत नव्हतं. या सगळ्यात आपलं म्हणून एक काही उरलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच वाटायचं.

एकदा तिनं गोदाबाईला सांगून पाहिलं.

"मावशी, आता मले बोलावतात का पान्याले, कळत नाही."

"बोलून राह्यला ना? कोणाकोणाचं तं तोंडच मिटते कायमचं. शब्द काय खायचा हाये का व?"

आशाबाईला लाज वाटली. नवरा असा पडलेला आणि आपण एका शब्दासाठी झुरतो. पण लाज वाटली म्हणून दुःख काही घर सोडून जात नाही. मधे एकदा भाकर चारताना त्याचा डावा हात वर उठला, नाकाच्या दिशेनं गेला. तिचा घास हातातच राहिला. हातानं माशी हाकलली आणि तो खाली आला.

आता सुनेचं सांगायला पाहिजे. हिमानी बऱ्हाणपूरच्या लालबागची, शाळामास्तराची लेक. पोरगी मनानं चोख. सासऱ्याचं सगळं करताना तिनं कधी नाक मुरडलं नाही. पण शिकलेल्या माणसाला एक खोड असते, मोडलेलं दिसलं की दुरुस्त केल्याशिवाय झोप लागत नाही. तिचे वडील निरंजन मास्तर मार्चमध्ये व्याह्यांना बघायला आले. त्यांचं नाक असं, की आधी नाक दारात यायचं आणि मग मास्तर. ते खाटेशी बसून मोठ्या आदरानं म्हणाले, "कशी आहे तब्येत, भाईदासजी?"

भाईदासनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "नकटे."

ललित हसू दाबायला म्हशीकडे निघून गेला. मास्तर भले माणूस, पण चहा अर्धाच पिऊन उठले. हिमानीनं तेव्हाच मनावर घेतलं. मोबाइलवर तिनं असल्या आजाऱ्यांचे कसले कसले व्हिडिओ बघितले आणि सासू शेळीला मारलेल्या हाकेवर बागेतून धावत आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला चुलीपाशी गाठलं.

"मम्मी, एक बोलू? पप्पा तो शब्द म्हणतात ना, त्याला आपण जवाब नाही द्यायचा. कोणीच नाही. जवाब भेटला तर त्यांना वाटेल काम हो गया, मग दुसरा शब्द निघणारच नाही."

"म्हंजे त्यायनं हाक मारली तं मी जायचंच नाही?"

"जायचं, पण थांबून. आधी चांगला शब्द निघू द्यायचा. सुरुवात तुमच्या नावापासून करू. बायकोचं नाव सगळ्यात सोपं असतं ना माणसाला?"

आशाबाईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. सांगायचं होतं, की बाई गं, या घरात नाव सोपं नसतं. पण चौतीस वर्षांचं हे गुपित सुनेसमोर उघडायचं कसं? या वयात? ती म्हणाली, "तुले बरं वाटते तसं कर. तुमी शिकलेल्या."

झालं, सुरू झाला कार्यक्रम. सकाळ-संध्याकाळ हिमानी स्टुलावर बसायची, सासूला समोर उभी करायची आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हणायची, "पप्पा, हे कोण? आ… शा. म्हणा, आ… शा." आशाबाई पदर सावरून फोटो काढायला उभी राहिल्यासारखी उभी. भाईदास दोघींकडे बघायचा आणि म्हणायचा, "नकटे." हिमानी मान हलवायची, "नाही. आ… शा."

ते दिवस आशाबाईला आजारपणापेक्षाही कठीण गेले. हा खाटेवरून हाक मारायचा आणि ही आत कणकेत हात घालून थांबायची. हात थांबायचे, कान तिकडे. एक हाक, दुसरी हाक. मग गप्प. सगळं घर नियम पाळत होतं. एक शेळी तेवढी हाक मारली की मान वर करायची.

तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, भाईदासनं घाम येईस्तोवर तोंड वाकडंतिकडं केलं आणि म्हणाला, "आ… शा."

हिमानी स्टुलावरून उठलीच. तिनं ललितला बागेतून बोलावलं, ललितनं मोबाइल काढला, गोदाबाई गव्हाचं सूप घेऊनच आली. भाईदासनं पुन्हा म्हणून दाखवलं. पोरीच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि खरं सांगायचं तर तिची मेहनतच तशी होती. सगळे आशाबाईच्या तोंडाकडे बघत होते.

"मम्मी, काही बोला ना. नाव घेतलं तुमचं."

"ऐकलं ना. हौ," आशाबाई म्हणाली. राशनच्या दुकानावर नाव पुकारल्यावर अंगठा लावायला पुढे व्हावं, तशी ती एक पाऊल पुढे झाली आणि थांबली.

"तुम्ही खूश नाही?"

"खूश हाये ना. चौतीस वर्षांत पहिल्यांदा घेतलं."

सगळे हसले. ती बागेत निघून गेली. केळीच्या दोन ओळींमधे, जिथं कोणी बघत नाही, तिथं ती बसली. नवऱ्यानं नाव घेतलं आणि आपण लोकाची बाई झालो, असं तिला वाटलं. देवानं एक शब्द ठेवला होता, तो सगळ्यांचा झाला होता हे खरं, पण निदान घरात तर होता. तो आपणच जवाब न देऊन मारला. ती रडली नाही. रडायला जेवढी ताकद लागते तेवढी त्या दिवशी तिच्यात नव्हती. थोड्या वेळानं उठून तिनं सहा पिलं कापली.

रविवारी निरंजन मास्तर आले, सोबत विहीणबाई वैजयंती. लेकीनं फोनवर सगळं सांगितलेलं, त्यामुळे मास्तर या वेळी मिठाईचा डबा घेऊन, हसऱ्या तोंडानं आले. जेवणं झाली. वाऱ्यानं केळीची पानं फडफडत होती आणि निंबाखालीही अंग भाजत होतं. हिमानी अभिमानानं म्हणाली, "पप्पा, बघा कोण आलंय."

भाईदासनं मास्तरांकडे बघितलं. तोंड वाकडं केलं, जोर लावला.

"आशा," तो मास्तरांना म्हणाला.

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "मी निरंजन."

"आशा," भाईदासनं मान डोलावून दुजोरा दिला. मग त्यानं पाण्याच्या तांब्याकडे हात दाखवला, "आशा." शेळी दोराला हिसके देत होती, तिच्याकडे बघून चिडून म्हणाला, "आशा." शेळीनं मान वर केली नाही. तिला हे नाव नवीन होतं.

वैजयंतीबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मग मास्तरही हसले. आशाबाईला हसावं की काय करावं कळेना, तेवढ्यात तिला दिसलं की हिमानी अंगणात नाही.

पोरगी आत धान्याच्या कोठीला टेकून रडत होती. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ स्टुलावर बसलेली पोरगी ती. आशाबाई तिच्याशेजारी टेकली. दोघी दमलेल्या, दोघींच्या अंगाला घामाचा आणि दवाखान्याच्या तेलाचा वास.

"मी काय करून ठेवलं, मम्मी. नवीन काही आलंच नाही. होतं ते पण गेलं."

"तुले काय ठाऊक होतं? मीच सांगितलं नाही."

"काय नाही सांगितलं?"

आशाबाईनं आपल्या बसक्या नाकाला बोट लावलं. "नकटी मीच हाये ना, बाई. तो शब्द माहा होता."

हिमानी तिच्या नाकाकडे बघतच राहिली. तीन वर्षं त्या घरात वावरून तिनं सासूचं नाक कधी नीट बघितलंच नव्हतं. मग तिला इतकं वाईट वाटलं की ती आणखीनच रडायला लागली, आणि आशाबाईलाच तिला थोपटावं लागलं.

"आपण परत शिकवू. मी रोज बसते. 'नकटे' शिकवू."

"शिकवून म्हनलं तं त्याले काय अर्थ? राहू दे. वाऱ्यानं मोठी केळ पाडली तं तिले परत उभी करून घड लागत नाही. बुडाशी काय फुटते ते बघावं लागते. आता डोळे पूस, तुही माय चहा करून राह्यली एकटी."

व्याही-विहीण तीनच्या गाडीनं गेले. ललित त्यांना सोडून तसाच पाण्याची मोटार सुरू करायला बागेत पळाला, कारण वीज आली होती. हिमानी आत भांडी घासत होती. आशाबाई वाटी आणि तांब्या घेऊन खाटेशी बसली. त्याला पाणी पाजणं हे कामच होतं. उजवीकडचा ओठ लोंबलेला, अर्धं पाणी तिकडून गळायचं, म्हणून मान धरून घोट घोट द्यावं लागे. तिनं मान धरली, घोट दिला. पाणी तिच्या चोळीवर आलं. तिनं पदरानं त्याची हनुवटी पुसली, मग आपलं पुसलं.

दुसरा घोट दिला. या वेळी पाणी गळलं नाही, सरळ तिच्या गळ्यावर उडालं. आता पाणीही आत जाईना की काय? बोलणं गेलं, त्यात पाणीही गेलं तर माणूस जगवायचा कसा? तिनं वाटी पुन्हा त्याच्या तोंडाला लावली आणि या खेपेला त्याच्या तोंडाकडे नीट बघत राहिली.

भाईदासनं घोट तोंडात धरला. मग सावकाश डावा हात उचलला आणि लोंबलेला ओठ बोटानं दाबून बंद केला, गळकी घागर बोटानं धरावी तसा. डावा गाल फुगला. डोळे तिच्यावर रोखलेले होते, आणि त्या डोळ्यांत आजारपणाचा काही मागमूस नव्हता. मग त्यानं फुर्रकन सगळं पाणी तिच्या तोंडावर उडवलं.

आशाबाई निथळत बसली. पापण्यांवरून पाणी गळत होतं. समोर अर्धं तोंड हसत होतं, अर्धं तसंच होतं.

"लाज नाही वाटत? साठी आली," ती म्हणाली. आधी राग आला होता, निदान तिनं तसं ठरवलं होतं. पण राग कुठे सापडेना. पाच महिन्यांचा शीण अंगात तसाच होता, गुडघे तसेच दुखत होते, बागेत आडव्या पडलेल्या केळी तशाच पडून होत्या. तरी तिला खालून, पोटातून हसू यायला लागलं. हे तो शेळीला करणार नव्हता. मास्तरांना तर नाहीच नाही.

तो वाट बघत होता. बोट अजून ओठावरच होतं.

आशाबाईनं इकडेतिकडे बघितलं. गोदाबाईचा ओटा रिकामा होता. तिनं तांब्या उचलला आणि तोंडाला लावला.

थोड्या वेळानं हिमानी पुसायचं फडकं घेऊन दारात आली. सासरा भिजलेला, सासू भिजलेली, खाटेखाली चिखल.

"अरे, हे काय झालं? ठसका लागला का पप्पांना? मम्मी?"

आशाबाईनं नुसती मान हलवली. तिच्या तोंडात पाणी होतं, त्यामुळे तिला बोलता येईना.